टर्नटेबल आणि कॅसेट डेक असलेली घरची स्टिरिओ सिस्टीम: जोडायची, लावायची, चालवायची कशी

रेकॉर्ड आणि कॅसेट वाजता वाजता झिजतात. सुई चुकीच्या वजनाने टेकली तर तबकडीची खाच कायमची बिघडते. रबर चिकट झालेल्या डेकमध्ये कॅसेट घातली तर टेप रोलरभोवती गुंडाळते. घरात चाळीस-पन्नास वर्षं जपलेली नाट्यगीतांची तबकडी किंवा घरगुती मैफलीचं एकमेव टेपिंग असं गेलं, तर परत मिळत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी जोडणी, मग यंत्राची तपासणी, मग बिनमहत्त्वाच्या रेकॉर्ड-कॅसेटवर चाचणी, आणि जिवापाड जपलेली वस्तू सगळ्यात शेवटी.

पुढची माहिती ॲम्प्लिफायर किंवा रिसिव्हर, दोन स्पीकर, टर्नटेबल आणि कॅसेट डेक अशा सुट्या यंत्रांची आहे. एकाच डब्यात सगळं असलेल्या म्युझिक सेंटरला जोडणीचा भाग लागू होत नाही, बाकी सगळा होतो.

स्पीकर

सगळ्या यंत्रांचे प्लग काढून ठेवा आणि मगच वायरला हात लावा. ॲम्प्लिफायरचं लाल टर्मिनल स्पीकरच्या लाल टर्मिनलला, काळं काळ्याला. घरातल्या अंतरासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी १.५ चौरस मिमीची दुपदरी लवचीक वायर पुरेशी आहे. महागड्या स्पीकर केबलवर सुरुवातीला पैसे घालू नका. वायरचं टोक साधारण एक सेंटीमीटर सोला, तारा पिळून घट्ट करा. एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला लागता कामा नये. तशी लागली तर शॉर्ट होऊन आउटपुट ट्रान्झिस्टर जातात, आणि जुन्या ॲम्प्लिफायरचे मूळ नंबरचे ट्रान्झिस्टर मिळवताना फार वणवण होते. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किती ओहमचे स्पीकर चालतील ते छापलेलं असतं. ८ ओहमचे स्पीकर बहुतेक सगळ्यांना चालतात.

एका स्पीकरची वायर उलटी लागली तर काही जळत नाही, पण तबल्याचा बायां पोकळ वाटतो आणि गाणाऱ्याचा आवाज मधोमध उभा न राहता खोलीभर पसरतो. मोनो रेकॉर्डिंग लावून दोन्ही स्पीकरच्या मध्ये बसा. आवाज समोरून, मधून आला पाहिजे. शंका असेल तर ॲम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या वायरी उलट करून बघा. ज्या जोडणीत खर्ज भरीव लागतो ती बरोबर.

टर्नटेबलची वायर फक्त फोनोमध्ये

फोनो म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पाठीवरचं खास टर्नटेबलसाठीचं इनपुट. नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी इथे उगम पावतात. सुई ज्यात बसते आणि जो तिची थरथर विजेत बदलतो तो भाग म्हणजे कार्ट्रिज. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढाच सिग्नल निघतो. कॅसेट डेकमधून निघणारा सिग्नल त्याच्या सुमारे शंभर पट असतो. शिवाय एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि टीप, म्हणजे वरचे बारीक स्वर, मुद्दाम जास्त ठेवलेली असते, कारण पूर्ण खर्ज कापला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर फार थोडं संगीत मावेल. ही कमी-जास्त किती करायची याचं आरआयएए नावाचं प्रमाण १९५४ साली ठरलं. ॲम्प्लिफायरमधला फोनो विभाग सिग्नल मोठा करतो आणि ही कमी-जास्त उलटी फिरवून मूळ तोल परत आणतो.

त्यामुळे टर्नटेबल ऑक्समध्ये (इतर यंत्रांसाठीच्या साध्या इनपुटमध्ये) लावलं तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो. उलट कॅसेट डेक फोनोमध्ये लावला तर आवाज फाटतो आणि खर्ज नुसता घुमतो. ॲम्प्लिफायरला फोनो इनपुटच नसेल तर मध्ये वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागतो. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलमध्ये तो आतच असतो आणि पाठीमागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असा खटका असतो. वाटेत फोनो विभाग नेमका एकच असला पाहिजे. खटका ‘लाइन’वर ठेवून वायर ॲम्प्लिफायरच्या फोनोमध्ये घातली की दोन होतात आणि प्रत्येक रेकॉर्ड कर्कश फाटते.

दोन आरसीए पिनांसोबत टर्नटेबलमधून एक बारीक वायर येते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली. ती ग्राउंडची. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर फोनोशेजारी ‘जीएनडी’ लिहिलेला स्क्रू असतो, त्याखाली ती आवळा. राहून गेली तर ५० हर्ट्झची घरघर सतत ऐकू येते. ती भिंतीतल्या सॉकेटच्या अर्थला जोडू नका; घरघर कमी न होता वाढू शकते. आत प्रीॲम्प असलेल्या काही टर्नटेबलना ही वायर नसते, त्यात काही चूक नाही.

डेकच्या दोन जोड्या आणि एक फसवं बटण

डेकला वायरींच्या दोन जोड्या लागतात. ॲम्प्लिफायरच्या ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’मधून डेकच्या ‘लाइन इन’मध्ये जाणारी जोडी टेपिंगसाठी. डेकच्या ‘लाइन आउट’मधून ॲम्प्लिफायरच्या ‘टेप इन’ किंवा ‘टेप प्ले’मध्ये येणारी जोडी ऐकण्यासाठी. लाल पिन उजवी, पांढरी किंवा काळी डावी. जुन्या युरोपीय आणि बऱ्याच भारतीय यंत्रांना आरसीएऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात एकाच केबलमधून दोन्ही कामं होतात: ३ आणि ५ नंबरच्या पिना वाजवण्याच्या, १ आणि ४ टेपिंगच्या, २ नंबर ग्राउंड. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ‘पाच पिन डिन ते चार आरसीए’ असं विचारा.

आता ते बटण. ॲम्प्लिफायरवर ‘टेप मॉनिटर’ लिहिलेलं असतं. ते दाबलेलं असेल तर सिलेक्टर फोनोवर असो की ट्यूनरवर, स्पीकरला फक्त डेककडून परत येणारा आवाज मिळतो. डेक बंद असेल तर पूर्ण शांतता. सगळी जोडणी बरोबर आहे, रेकॉर्ड फिरते आहे, आणि आवाज नाही, असं झालं की कुठलीही वायर उपटण्याआधी हे बटण बघा. कॅसेट ऐकताना ते दाबायचं, रेकॉर्ड ऐकताना सोडायचं.

चालू करताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. आधी टर्नटेबल आणि डेक, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. नाहीतर खटक्याचा धक्का सरळ स्पीकरला बसतो.

अमेरिकेतून सामानात टर्नटेबल आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. ट्रान्सफॉर्मर लावून २३० व्होल्टचे ११० होतात, पण आपल्याकडचे ५० हर्ट्झ काही ६० होत नाहीत. एसी सिंक्रोनस मोटरचं (जिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो) टर्नटेबल त्यामुळे पाच षष्ठांश वेगाने फिरतं: ३३ १/३ ऐवजी मिनिटाला जेमतेम २८ फेरे. पांढरी चारमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनमध्ये उतरतं. अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली मिळते का ते आधी बघा. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्ह असेल तर ही अडचण येत नाही.

टोनआर्मचा तोल

टर्नटेबल भक्कम, सपाट जागी ठेवा. स्पीकरच्या डोक्यावर किंवा त्याच फळीवर कधीच नाही: स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते, सुई ती पुन्हा ॲम्प्लिफायरला देते आणि व्हॉल्यूम वाढवला की घूं असा वाढत जाणारा आवाज सुरू होतो. ताटलीवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी पातळी बघा, लागेल तिथे पायाखाली पातळ पुठ्ठा घाला.

टोनआर्म म्हणजे टोकाला सुई असलेला दांडा; पुढे त्यालाच आर्म म्हटलंय. यानंतरच्या कामाला घाई नको. सुईवरची टोपी काढलेली असणार, म्हणून ताटलीवर रेकॉर्ड ठेवू नका आणि मोटर बंद ठेवा.

१. अँटिस्केट (आर्मची आत जाण्याची ओढ थोपवणारी खुंटी) शून्यावर आणा. क्यू लिव्हर (आर्म वर-खाली करणारा खटका) खाली करा. आर्म स्टँडवरून सोडवून ताटलीच्या अलीकडे हाताने धरा.

२. मागचं काउंटरवेट हळूहळू फिरवा, आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगेपर्यंत. डोकं खाली गेलं तर वजन मागे न्या, वर गेलं तर पुढे आणा.

३. आर्म स्टँडवर अडकवा. वजन हलू न देता फक्त आकड्यांची पुढची कडी फिरवून शून्य रेषेवर आणा.

४. आता वजन आणि कडी एकत्र फिरवून तुमच्या कार्ट्रिजसाठी सांगितलेल्या आकड्यावर आणा. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई असेल तर २ ग्रॅम, ऑर्टोफॉन २एम रेड असेल तर १.८ ग्रॅम.

५. अँटिस्केट त्याच आकड्यावर ठेवा.

कमी वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेत घट्ट बसत नाही. मोठ्या आवाजाच्या जागी उसळते आणि भिंतीवर आपटून ती खरवडते. सांगितलेल्या मर्यादेत थोडं जास्त वजन हे थोड्या कमी वजनापेक्षा केव्हाही सुरक्षित. कड्यांवरचे आकडे जुन्या यंत्रांत चुकतात, म्हणून ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सुईचा छोटा डिजिटल काटा घ्या. सुटकेससारख्या स्वस्त प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. वजन पाच ग्रॅमच्या आसपास आणि ते बदलायची सोय नाही. त्यावर दुर्मिळ एलपी लावू नका.

कार्ट्रिज हेडशेलमध्ये, म्हणजे आर्मच्या टोकाच्या खोबणीत, सरळ बसलंय का हे बघायला कागदी प्रोट्रॅक्टर लागतो. छापताना तो शंभर टक्के आकारातच छापा आणि पट्टीने मोजून खात्री करा. नेहमीच्या प्रोट्रॅक्टरवर मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी अंतरावर दोन खुणा असतात. सुई दोन्ही खुणांवर टेकवल्यावर कार्ट्रिजच्या बाजू तिथल्या रेषांना समांतर दिसल्या पाहिजेत. एलपीच्या शेवटच्या, आतल्या गाण्यातच ‘स’ आणि ‘श’ फाटत असतील तर पहिला संशय या जुळणीवर घ्या. हेडशेलच्या चार बारीक वायरी निघाल्या असतील तर: लाल उजवी, हिरवी उजव्याची परत, पांढरी डावी, निळी डाव्याची परत. त्या ओढताना वायर न धरता चिमट्याने टोकाची पितळी क्लिप धरा.

वेगासाठी ताटलीवर स्ट्रोबचा कागद ठेवा. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ साठी १८० रेघांचा कागद लागतो. साध्या पिवळ्या बल्बखाली त्या रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडी दिव्याखाली हे नेहमी जमत नाही. कागद घेताना बघून घ्या, अमेरिकेसाठीच्या कागदावर २१६ रेघा असतात. बेल्ट ड्राइव्हचा वेग कमी पडत असेल किंवा स्वर लांबवताना हलत असेल तर बेल्ट सैल झालाय.

रेकॉर्ड लावताना

रेकॉर्ड कडेने आणि मधल्या लेबलने धरा, खाचांना बोट लावू नका. बोटाच्या तेलात धूळ बसते आणि सुई ती दाबून पक्की करते. ताटली फिरू द्या, कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर दोन-तीन फेरे हलका टेकवा आणि बाहेरच्या दिशेने उचला. मग क्यू लिव्हर वर, आर्म कडेच्या मोकळ्या पट्टीवर, लिव्हर खाली, आणि सुई टेकल्यावरच व्हॉल्यूम वाढवा. सुई नेहमी मागून पुढे पुसा, आडवी कधीच नाही. साध्या हिऱ्याच्या सुईचं आयुष्य ३०० ते ५०० तास धरा. सेकंडहँड टर्नटेबलसोबत आलेली सुई किती चाललीय ते कळायला मार्ग नसतो, म्हणून नवीन घाला.

मळलेली एलपी धुवायला चार भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा, उभी वाळवा. लेबल भिजू देऊ नका.

हे मिश्रण ७८ आरपीएमच्या तबकड्यांना चालत नाही. बालगंधर्वांच्या काळातल्या या तबकड्या लाखेच्या आहेत आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्या फक्त पाण्याने आणि साबणाच्या थेंबाने पुसा, लगेच कोरड्या करा. त्यांची खाचही रुंद असते. एलपीची सुई ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ साठी ३ मिलची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाला घासत राहते आणि खरखरच जास्त ऐकवते. यंत्राला ७८ चा वेग आहे का ते बघा, बऱ्याच नव्या टर्नटेबलना तो नसतो. वाजवताना ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवा, निम्मी खरखर तिथेच जाते. आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी चुकूनही लावू नका. पोलादी सुई एका फेरीत ती कामातून घालवते.

कॅसेट डेक

पहिली कॅसेट घालण्याआधी दार उघडून टॉर्चने आत बघा. मधोमध चकचकीत हेड, शेजारी पातळ पोलादी दांडी म्हणजे कॅप्स्टन, आणि तिला टेकणारं काळं रबरी चाक म्हणजे पिंच रोलर. हेडवर किंवा कॅप्स्टनवर तपकिरी थर दिसला तर तो टेपचा निघालेला लेप आहे. कानाच्या कापसाच्या काडीला ९९ टक्के आयसोप्रोपिल लावून हेड आडवं पुसा. काडी पांढरी निघेपर्यंत काड्या बदला. कॅप्स्टन फिरत असताना पुसायचा असेल तर रोलर आणि कॅप्स्टन जिथे वेगळे होतात त्या बाजूने काडी धरा, नाहीतर कापूस आत ओढला जातो. रबर कडक होऊ नये म्हणून पिंच रोलर साबणाच्या ओल्या काडीने पुसून कोरडा करा. दर वीस-तीस तासांनी एवढं करायची सवय ठेवा. रबराला बोट लावून चिकट लागलं किंवा चीर दिसली तर साफसफाई पुरत नाही, रोलर बदला.

वर्षानुवर्षं बंद पडलेल्या डेकमध्ये आतला बेल्ट डांबरासारखा वितळलेला असतो. मोटरचा आवाज येतो पण रीळ फिरत नाही, किंवा कॅप्स्टन फिरतो आणि उजवं रीळ थांबतं. दुसरी अवस्था जास्त वाईट: कॅप्स्टन टेप पुढे ढकलतो, ती गुंडाळली जात नाही आणि यंत्राच्या पोटात जाते. म्हणून चाचणीच्या कॅसेटवर उजवं रीळ अखंड, न अडखळता फिरतंय हे नजरेने बघा. टेप अडकलीच तर ओढू नका. प्लग काढा, दार उघडा, रोलर बोटाने उलटा फिरवून वेटोळं सोडवा आणि मग षटकोनी पेन्सिलीने ढिली टेप गुंडाळा.

जुनी कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. त्याआधी खिडकीतून रिळांच्या कडा बघा. कोकण-गोव्यात आणि मुंबईच्या पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरी, पिठासारखी बुरशी धरते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घातली की बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळी काढा, नाकाला मास्क लावून, जुन्या टाकाऊ प्लेअरमध्ये टेपच्या कडेला कोरडं मऊ कापड टेकवून पुढे-मागे पळवा, आणि मगच चांगल्या डेककडे न्या.

आवाज बुजल्यासारखा आला तर कारणं या क्रमाने तपासा. हेड मळलेलं असेल. डॉल्बीचं (टेपची सळसळ कमी करणाऱ्या यंत्रणेचं) बटण दाबलेलं असेल: डॉल्बीची जोड-डी ची खूण नसलेल्या कॅसेटवर डॉल्बी लावली तर टीप कापली जाते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच विकतच्या कॅसेट डॉल्बीशिवायच्या आहेत. टेपचा प्रकार चुकला असेल: साध्या फेरिक टेपला टाइप १, क्रोमला टाइप २. कॅसेटमधल्या तांब्याच्या पट्टीवरचा नमद्याचा तुकडा, म्हणजे प्रेशर पॅड, गळून पडला असेल. मग पाच स्क्रूंची चांगली रिकामी कॅसेट उघडून रिळं तिच्यात बसवा. हे सगळं ठीक असून एखाद्याच कॅसेटचा आवाज बुजका असेल, तर ती ज्या डेकवर टेप झाली त्याचं हेड वेगळ्या कोनात होतं. हेडशेजारचा ॲझिमथ स्क्रू फिरवून टीप परत आणता येते, पण आधी त्याची मूळ जागा नेलपॉलिशच्या ठिपक्याने खुणावून ठेवा, नाहीतर बाकीच्या सगळ्या कॅसेट बुजतील.

रेकॉर्डवरून कॅसेटवर

एलपीची एक बाजू बहुधा १८ ते २५ मिनिटांची. सी-६० ची प्रत्येक बाजू ३० मिनिटांची, म्हणजे एक एलपी एका सी-६० वर. सी-९० वर दोन, पण बाजू साडेबावीस मिनिटांच्या आतल्या असतील तरच. सी-१२० ची टेप फार पातळ असते. ताणली जाते, अडकते, जुन्या डेकमध्ये ती वापरू नका.

सिलेक्टर फोनोवर, टेप मॉनिटर सोडलेलं. डेकवर आधी पॉज आणि मग रेकॉर्ड दाबा. मीटर हलायला लागतील. रेकॉर्डमधला सगळ्यात मोठा भाग वाजवून रेकॉर्डिंग लेव्हल ठरवा. साध्या फेरिक टेपवर काटे अधूनमधून शून्याच्या जरा पुढे गेले तर चालतं, सतत लालमध्ये राहिले तर आवाज फाटतो. फार कमी ठेवली तर टेपची सळसळ वर येते. ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम टेपिंगवर परिणाम करत नाही, तो हवा तेवढा कमी करा. सुईजवळ स्पीकर गाजत नसेल तर टेपिंग जास्त स्वच्छ होतं. कॅसेटच्या सुरुवातीची पारदर्शक पट्टी चुंबकीय नसते. ती पेन्सिलीने पुढे सरकवून मगच सुरू करा, नाहीतर गाण्याची पहिली ओळ जाते. सुई टेकवा आणि पॉज सोडा.

झाल्यावर, टेपची उघडी कड खाली आणि ए बाजू तुमच्याकडे करून कॅसेट धरा. वरच्या डाव्या कोपऱ्यातली प्लास्टिकची जीभ तोडली की ए बाजूवर पुन्हा टेपिंग होत नाही. बी बाजूसाठी कॅसेट उलटवून तसंच. कधी पुन्हा टेप करायचंच झालं तर त्या भोकावर सेलोटेप लावा, पण क्रोम कॅसेटमध्ये त्याला लागून असलेली आतली खाच झाकू नका. डेक तिच्यावरूनच टेपचा प्रकार ओळखतो. जुनी घरगुती टेपिंग्ज संगणकावर घ्यायची असतील तर डेकच्या ‘लाइन आउट’मधून वायर काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये द्या, माइकच्या भोकात नाही.